पाच मिलिसेकंदांचे अंकगणित

छातीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून हृदयाचा जो विद्युत संकेत यंत्राच्या हाती लागतो, त्याची उंची जेमतेम एक मिलिव्होल्ट असते. टॉर्चमधल्या साध्या सेलच्या दाबाचा हा सुमारे दीड हजारावा भाग. तोही एकटा येत नाही. श्वासाबरोबर छाती वर-खाली होते, तशी सगळी रेषा संथपणे डोलत राहते. रुग्णाने हात हलवला की स्नायूंचा खरखराट तीत मिसळतो. भिंतीतल्या वीजतारांची घरघर तर अखंड चालूच असते, आणि मानवी शरीर ही घरघर पकडणारा उत्तम अँटेना ठरते. या गदारोळातून नेमका ठोका ओळखायचा, तोही पुढचा ठोका पडण्याच्या आत, हे काम अतिदक्षता विभागातील मॉनिटरमध्ये, कमरेला बांधायच्या होल्टर यंत्रात किंवा छातीवर चिकटवायच्या पट्टीत नखाएवढी एक चिप करीत असते. त्यासाठी ती जे गणित चालवते त्याला डिजिटल फिल्टर म्हणतात.

फिल्टर म्हटले की चहाची गाळणी आठवते; पण ही उपमा थोडी फसवी आहे. चहा आणि चोथा हे दोन वेगळे पदार्थ असतात. येथे हृदयाचा संकेत, श्वासाचे डोलणे आणि विजेची घरघर यांची एकच बेरीज होऊन एकच आकडा समोर येतो. त्या आकड्याचा कोणता भाग हृदयाचा आणि कोणता विजेचा, हे त्या एका आकड्याकडे पाहून कोणालाही सांगता येणार नाही. ओळख पटते ती आकड्यांच्या रांगेतून. श्वासाचे डोलणे सावकाश असते, क्यूआरएस नावाने ओळखला जाणारा ठोक्याचा टोकदार भाग त्याहून पुष्कळ चपळ असतो, तर विजेची लहर त्याहूनही चपळ. चपळाईतला हा फरक म्हणजेच वारंवारतेचा फरक, आणि फिल्टरची सारी भिस्त त्याच्यावर.

समजा, यंत्र सेकंदाला २०० वेळा संकेत मोजते. म्हणजे दर ५ मिलिसेकंदांनी एक नवा आकडा, एक नमुना, येऊन पडतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिची एक पूर्ण लहर २० मिलिसेकंदांची. तेव्हा एका लहरीत बरोबर चार नमुने बसतात. लहर जितकी वर जाते तितकीच खाली येते, त्यामुळे लागोपाठच्या चार नमुन्यांची बेरीज केली की विजेचा वाटा शून्य होतो. ती लहर कितीही मोठी असो, तिची सुरुवात कोठेही होवो, चौघांच्या बेरजेत ती उरतच नाही. हृदयाचा संकेत मात्र चार नमुन्यांत तेवढा बदलत नाही, म्हणून तो बऱ्याच अंशी टिकतो. चाराने भागले की झाली सरासरी. विजेची घरघर काढणारा हा फिल्टर तीन बेरजा आणि एका भागाकारात आटोपतो. तो भागाकारही नावापुरताच, कारण दशमान पद्धतीत ४७०० ला शंभराने भागताना आपण जशी दोन शून्ये उडवतो, तसे द्विमान पद्धतीत चाराने भागायला आकडा उजवीकडे दोन घरे सरकवला की पुरते.

वीज नेहमी काटेकोर ५० हर्ट्झवर नसते, ही शंका रास्त आहे. भारतीय ग्रिड संहितेने ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा पट्टा घालून दिला आहे. ४९.९० हर्ट्झला या चौघांच्या सरासरीतून विजेचा सुमारे साडेचारशेवा हिस्सा निसटतो. तेवढे खपून जाते.

आता प्रश्न चिपच्या ताकदीचा. ५ मिलिसेकंदांत पुढचा नमुना येणार, म्हणजे आधीच्या नमुन्याचा सगळा हिशेब त्याच्या आत संपला पाहिजे. संगणकावर एखादे काम रेंगाळले तर माणूस थोडा खोळंबतो. येथे काम रेंगाळले तर नमुना हुकतो आणि पुढचे सारे गणित चुकते. या बाबतीत आजही वाचण्यासारखे उदाहरण म्हणजे विस्कॉन्सिन विद्यापीठातील जियापू पान आणि विलिस टॉम्पकिन्स यांनी मार्च १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेली ठोके ओळखण्याची पद्धत. त्यांनी ती झेड-८० या प्रोसेसरसाठी लिहिली होती. १९७६ साली बाजारात आलेली ही आठ बिटांची चिप. तिला बेरीज येत होती, वजाबाकी येत होती, आकडे सरकवता येत होते. गुणाकाराची आज्ञा तिच्यात नव्हतीच. गुणाकार हवा असेल तर शाळेतल्या पाटीवर करतो तसा, एकेक घर सरकवत आणि बेरजा करत, करावा लागे. सोळा बिटांच्या दोन संख्यांचा असा एक गुणाकार व्हायला घड्याळाचे सुमारे हजार ठोके लागतात. मूळ झेड-८० सेकंदाला २५ लाख ठोक्यांवर चाले, म्हणजे ५ मिलिसेकंदांत तिच्या वाट्याला १२,५०० ठोके. पाठ्यपुस्तकी पद्धतीचा, ३२ नमुन्यांना ३२ वेगवेगळ्या गुणकांनी गुणणारा एकच फिल्टर घेतला तरी ३२ हजार ठोके खर्च होतात. पहिल्या नमुन्याचा हिशेब होईपर्यंत आणखी दोन नमुने दाराशी येऊन उभे.

पान आणि टॉम्पकिन्स यांनी फिल्टरच असे निवडले की गुणाकाराची गरज पडू नये. त्यांचा पहिला फिल्टर सहा-सहा नमुन्यांची बेरीज लागोपाठ दोनदा करतो आणि चपळ कंप खाली बसवतो. दुसरा फिल्टर ३२ नमुन्यांची सरासरी काढून ती मूळ संकेतातून वजा करतो. सरासरी म्हणजे संथ डोलणे, ते गेले की ठोका उरतो. ३२ ने भागणे म्हणजे पाच घरे सरकणे. या दोहोंतून साधारण ५ ते १२ हर्ट्झचा पट्टा पार होतो, आणि क्यूआरएसची बरीचशी ऊर्जा त्याच्याच आसपास असते. पुढे उतार मोजणारे एक सूत्र येते. त्यातले गुणक १ आणि २ एवढेच. नंतर प्रत्येक आकड्याचा वर्ग. साऱ्या साखळीतला खरा गुणाकार तो हाच, नमुन्यामागे एक. शेवटी ३० नमुन्यांची, म्हणजे १५० मिलिसेकंदांची, सरकती सरासरी.

ठोका की गोंगाट, हे ठरवणारा उंबरठाही याच काटकसरीने हलतो. नव्या शिखराचा एक अष्टमांश आणि जुन्या सरासरीचे सात अष्टमांश मिळून नवी सरासरी बनते. एक अष्टमांश म्हणजे तीन घरे सरकणे. ०.१२ किंवा ०.१३ घेतले असते तर निकालात फारसा फरक पडला नसता, पण ०.१२५ घेतल्यामुळे गुणाकार टळला. अशा निवडीला तडजोड म्हणणे बरोबर नाही. रोगनिदानाच्या दृष्टीने जेथे दोन-चार शतांशांना महत्त्व नव्हते, तेथे ते चिपच्या सोयीने ठरवले गेले, इतकेच. एमआयटी आणि बेथ इस्रायल रुग्णालयाच्या प्रसिद्ध संग्रहातील ४८ अर्ध्या-अर्ध्या तासांच्या नोंदींवर या पद्धतीने ९९.३ टक्के ठोके अचूक ओळखले.

सरकत्या बेरजेचे काम चालते ते मात्र समजून घेण्यासारखे आहे. ३२ नमुन्यांची बेरीज दर वेळी नव्याने करायची तर ३१ बेरजा लागतात. पण मागची बेरीज हाताशी असेल तर तीत नवा नमुना मिळवायचा आणि ३२ घरे मागचा वजा करायचा, काम झाले. नमुने ३२ असोत की ३२०, खर्च तोच, एक बेरीज आणि एक वजाबाकी. जुने नमुने ठेवायचे कसे, यालाही एक सोपी युक्ती आहे. नवा नमुना आला की सगळ्यांना एकेक जागा पुढे ढकलण्यात वेळ जातो. त्याऐवजी विहिरीवरच्या रहाटगाडग्यासारखी स्मृतीची माळ ठेवतात. पोहरे जागचे हलत नाहीत, फक्त बोट पुढे सरकते. बोटाखाली येतो तो नेमका सगळ्यांत जुना नमुना. तो वजा करायचा आणि त्याच पोहऱ्यात नवा ओतायचा. पोहऱ्यांची संख्या ३२ किंवा ६४ अशी दोनाच्या घाताची ठेवली की माळ कोठे संपली आणि पुन्हा कोठे सुरू झाली, हेही एका आज्ञेत कळते.

येथे एक गोष्ट नव्याने शिकणाऱ्यांना हमखास चकवते. आजच्या पुष्कळ चिपांत दशांश अपूर्णांकांचे गणित करणारा वेगळा भाग असतो. साहजिकच वाटते की पूर्णांकांची कंजुषी जुन्या काळाची झाली, आता अपूर्णांकांत मोकळेपणी लिहावे. सरकत्या बेरजेच्या बाबतीत हा मोकळेपणा महाग पडतो. अपूर्णांकांच्या नेहमीच्या ३२ बिटी मांडणीत साधारण सात अंकांची अचूकता असते. नमुने आधी मिलिव्होल्टांत रूपांतरित केले आणि मग बेरजेत मिळवत गेले, तर दर मिळवणीला शेवटचा अंक थोडासा गोल होतो. तोच नमुना ३२ घरांनंतर वजा करताना बेरीज निराळी असते, म्हणून गोल होण्याचे प्रमाणही निराळे. मिळवले त्याहून किंचित कमी किंवा जास्त वजा होते आणि तो कण बेरजेत कायमचा अडकून राहतो. त्याला बाहेर पडायला वाटच नसते. दिवसाला १,७२,८०,००० नमुने या दराने असे कण साचत जातात. रुग्ण कुशीवर वळला, इलेक्ट्रोड सुटला, एखादा प्रचंड आकडा आत आला आणि गेला, की एका फटक्यात मोठा कण मागे राहतो. फिल्टर पहिल्या तासाला बरोबर चालतो, चाचणीत उत्तीर्ण होतो, आणि होल्टरच्या विसाव्या तासाला त्याची रेषा शून्यापासून ढळलेली असते. असा दोष शोधणे फार कष्टाचे, कारण कार्यक्रमात चूक कोठेच दिसत नाही.

पूर्णांकांत हे घडूच शकत नाही. जे मिळवले तेच, अंकन् अंक, वजा होते. पूर्णांकांत बेरीज मर्यादेबाहेर गेली तर काय, असे कोणी विचारील. तिचे उत्तर घड्याळाच्या तबकडीवर आहे. अकरा वाजले असता काटा तीन तास पुढे नेला की तो दोनावर येतो. वाचणाऱ्याला तो मागे गेल्यासारखा वाटेल. पण तीन तास मागे फिरवला की पुन्हा बरोबर अकरा. मधल्या फेऱ्यात काही हरवत नाही. संगणकाची पूर्णांक बेरीजही अशीच तबकडीवर फिरते. मधली बेरीज उलटली तरी चालते; अंतिम उत्तर तबकडीत मावणारे असले म्हणजे झाले. युजीन होगेनॉवर यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या, केवळ बेरीज-वजाबाकीवर चालणाऱ्या फिल्टरांचा पाया हाच आहे. पान-टॉम्पकिन्सांच्या पहिल्या फिल्टरमध्ये उत्तर मूळ संकेताच्या ३६ पट होते. ३६ ला सहा बिट पुरतात, म्हणून दहा बिटांचा नमुना घेतला तर उत्तर सोळा बिटांत नेमके बसते. हा हिशेब आधी कागदावर करायचा असतो.

पण याच ठिकाणी एक सद्हेतूने केलेली चूकही संभवते. काही चिपांत अशी बेरीज असते की मर्यादा आली की आकडा उलटत नाही, वरच्या टोकाला थांबून राहतो. पडद्यावर दाखवायच्या अंतिम रेषेसाठी ही सोय चांगली. नाहीतर उंच शिखर अचानक खोल दरीत दिसेल. सरकत्या बेरजेत मात्र ती घातक. टोकाला थांबताना जो भाग कापला गेला तो नंतरच्या वजाबाकीला भेटत नाही आणि बेरीज कायमची बिघडते. एकच आज्ञा, एका ठिकाणी संरक्षण, दुसऱ्या ठिकाणी नुकसान. सावध अभियंते आणखी एक काळजी घेतात. ठरावीक वेळाने माळेतले सगळे नमुने पुन्हा मोजून बेरीज ताळ्याशी जुळवून घेतात.

मग आजच्या वेगवान चिपांवर ही काटकसर कशासाठी? आर्म कंपनीच्या कॉर्टेक्स-एम४ प्रकारातील प्रोसेसर घड्याळाच्या एका ठोक्यात सोळा बिटांचे दोन गुणाकार करून बेरजेत मिळवतो. त्याच्यापुढे वरचे सारे हिशेब किरकोळ आहेत. पण छातीवरच्या पट्टीत मोठी बॅटरी मावत नाही. नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलमध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तासांची पुंजी असते. चिप जागी असताना ३ मिलिअँपिअर घेते असे धरू आणि झोपेतला खर्च सोडून देऊ. प्रत्येक ५ मिलिसेकंदांपैकी अर्धा मिलिसेकंद ती जागी राहिली तर सेल महिनाभर चालेल. तेच गणित दहापट लवकर उरकून ती झोपली तर दहा महिने. प्रत्यक्षात इतर भागही वीज खातात, त्यामुळे फरक इतका नेटका राहत नाही. तरी दिशा हीच. १९८५ मध्ये गुणाकार वाचवला तो वेळेसाठी, आज वाचवतात तो बॅटरीसाठी.

तयार फिल्टर उचलून वापरण्याची प्रथाही फोफावली आहे आणि तेथे भूगोल आडवा येतो. पान-टॉम्पकिन्सांच्या फिल्टरचा पहिला टप्पा अमेरिकेतील ६० हर्ट्झच्या विजेचा सुमारे ६८ वा हिस्सा पुढे जाऊ देतो. त्याच टप्प्यातून आपली ५० हर्ट्झची वीज अठराव्या हिश्श्याने जाते, म्हणजे जवळजवळ चौपट. पुढचे टप्पे आणि हलता उंबरठा यामुळे ठोके बहुधा तरीही मोजले जातात. पण जेथे अर्थिंग धड नाही तेथे घरघर मुळातच मोठी असते, आणि अशा जागी हा चौपटीचा फरक जाणवतो. चार नमुन्यांची ती साधी सरासरी पुढे जोडली तर प्रश्न तेथेच मिटतो.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. वर सांगितलेला प्रत्येक फिल्टर ठोके मोजण्यासाठी आहे, आलेख वाचण्यासाठी नाही. चार नमुन्यांची सरासरी विजेला पुसते, पण २५ हर्ट्झचा घटकही दोन तृतीयांशावर आणते. टोकदार शिखर बुटके होते, त्यावरची बारीक खाच नाहीशी होते. संथ डोलणे काढणारा फिल्टर तर अधिक जोखमीचा. हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करताना डॉक्टर ठोक्यानंतरचा एसटी खंड पायरेषेच्या किती वर उचलला आहे हे पाहतात. कागदावर दहा मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. उंचीतला एक-दोन मिलिमीटरांचा फरक येथे निर्णायक ठरतो. एसटी खंड ही संथ गोष्ट आहे, आणि संथ तेवढे काढून टाकणाऱ्या फिल्टरला श्वासाचे डोलणे आणि एसटीचा उंचावा यांत भेद करता येत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या शिफारशीनुसार निदानाच्या आलेखात ०.०५ हर्ट्झपासूनचे घटक राखावेत; प्रौढांसाठी वरची मर्यादा १५० हर्ट्झ. मॉनिटरमध्ये मात्र रेषा स्थिर दिसावी म्हणून खालची मर्यादा पुष्कळदा ०.५ हर्ट्झ ठेवलेली असते. साध्या पद्धतीच्या अशा फिल्टरमधून एसटी खंड खोटा वर किंवा खाली सरकू शकतो.

त्याच शिफारशीत एक सवलत आहे: वेगवेगळ्या वारंवारतांना मागेपुढे न ढकलणारा फिल्टर असेल तर खालची मर्यादा ०.६७ हर्ट्झपर्यंत नेली तरी चालते. सरकती बेरीज येथे पुन्हा उपयोगी पडते. तिची दोन्ही अंगे सारखी असल्यामुळे ती सर्व घटकांना एकसारखाच उशीर लावते; आकार मोडत नाही, फक्त थोडा मागून येतो. लांब सरासरी काढून ती मधल्या नमुन्यातून वजा केली की डोलणे जाते आणि एसटी खंडाला लागणारा धक्का पुष्कळ कमी होतो. खर्च अर्थात रहाटगाडग्याच्या अधिक पोहऱ्यांचा आणि सेकंदभराच्या विलंबाचा. म्हणून एकाच यंत्रात दोन वाटा ठेवणे शहाणपणाचे. एका वाटेवर ठोके मोजणारा अरुंद फिल्टर, दुसरीवर कागदावर उमटणारी जवळजवळ अस्पर्श रेषा.

गोव्यात स्टेमी प्रकल्पामुळे परिघावरील शासकीय आरोग्य केंद्रांत काढलेला ईसीजी बांबोळीच्या गोमेकॉशी जोडलेल्या व्यवस्थेत वाचला जातो. रुग्ण एकीकडे, वाचणारा दुसरीकडे. मध्ये फक्त ती रेषा. ती कोणत्या फिल्टरमधून आली हे वाचणाऱ्याला कळण्याची सोय मात्र कागदावरच असते. ईसीजीच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत २५ मिलिमीटर प्रति सेकंद, १० मिलिमीटर प्रति मिलिव्होल्ट असे लिहिलेले असते आणि त्याच्या शेजारी फिल्टरचा पट्टा. तेथे ०.०५ ते १५० आहे की ०.५ ते ४०, हे डॉक्टर आधी पाहतात आणि मग एसटी खंडाकडे वळतात.